खलिफाच्या राज्यात परका हाजी

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'आमचे खापरपणजोबा दापोलीकडचे. १९०० च्या आगेमागे मुंबईहून बोटीनं हजला गेले. घरात अजून गोष्ट सांगतात की जिद्द्याला उतरल्यावर तिथल्या अंमलदारानं त्यांना "तू कोणाचा?" असं विचारलं. हे म्हणाले, "अल्लाचा." झालं, त्यांना उन्हात बाजूला बसवून ठेवलं. मक्का-मदिना तेव्हा तुर्कांच्या अमलाखाली होती आणि तुर्कांचा सुलतान स्वतःला सगळ्या मुसलमानांचा खलिफा म्हणवत होता. मग हजला आलेला मुसलमान तिथे परका कसा ठरला?'

खापरपणजोबांचं उत्तर पिढ्यांनी घासूनपुसून चकचकीत केलेलं वाटतं. पण प्रश्न अस्सल आहे. जिद्द्याच्या बंदरावर त्या काळात हाच प्रश्न विचारला जाई, आणि त्याचा अर्थ 'तुझा धर्म कोणता' असा नव्हता. 'तू कोणत्या सरकारची प्रजा, तुझा कॉन्सल, म्हणजे तुझ्या सरकारचा इथला वकील, कोण, आणि तू इथे मेलास किंवा कफल्लक झालास तर तुझा भार कोणावर' असा होता. मी बरीच वर्षं मुंबईतले हज प्रवासाचे जुने सरकारी कागद वाचत आलो आहे. त्यावरून माझं मत असं झालंय की हाजी तिथे पाहुणाही होता आणि परकाही, एकाच वेळी. आणि तो जास्त परका झाला तो त्याचं रक्षण करायला सरसावलेल्या सरकारांमुळे.

आधी एक गैरसमज दूर करतो. इंग्रज येण्यापूर्वी सगळं बंधुभावाचं होतं आणि नंतर बिघडलं, असं नाही. १५७६ मध्ये अकबराची आत्या गुलबदन बेगम आणि त्याची पत्नी सलीमा सुलतान बेगम सुरतेहून हजला निघाल्या. निघण्याआधी त्या सुरतेत खूप काळ खोळंबल्या, कारण अरबी समुद्रात पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' म्हणजे परवाना घेतल्याशिवाय गलबत हाकता येत नव्हतं. दख्खनच्या सुलतानांच्या जहाजांनाही, अगदी दाभोळहून मक्केकडे निघणाऱ्या गलबतांनाही, हाच जाच होता. त्या परवान्यावर येशू-मेरीची चित्रं असत. तेव्हा अकबराच्या दरबारातल्या एका बड्या मौलवींनी फतवाच काढला : खुष्कीच्या वाटेवर इराणचे शिया, समुद्रावर चित्रांचा परवाना, म्हणून हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हज सध्या फर्ज नाही. याच मौलवींच्या घरच्या थडग्यांतून पुढे सोन्याच्या विटा निघाल्याचं त्यांच्या समकालीन इतिहासकारानं खोचकपणे लिहून ठेवलंय, तेव्हा फतव्यामागची तळमळ किती हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बेगमा मक्केला पोचल्या. त्याच वर्षी अकबरानं मीर हज, म्हणजे हजच्या काफिल्याचा प्रमुख, नेमून सहा लाख रुपये आणि बारा हजार खिलती, म्हणजे मानाचे पोशाख, वाटायला पाठवल्या. बेगमांचा मुक्काम तीन वर्षांच्या वर लांबला. आता इस्तंबूलच्या बाजूनं बघा. मक्केत धान्य इजिप्तहून यायचं आणि पाणी मोजकं. त्यात एका परक्या बादशहाचा भलामोठा परिवार ठिय्या देऊन बसलेला, आणि त्याच्या नावानं दानधर्म चाललेला. सुलतान तिसरा मुराद यानं मक्केच्या शरीफांना, म्हणजे सुलतानाच्या वतीनं मक्का सांभाळणाऱ्या स्थानिक अमीरांना, आदेशावर आदेश पाठवले : हिंदुस्थानातून आलेल्या या मंडळींना हज उरकल्यावर परत पाठवा, आणि हरममध्ये, म्हणजे पवित्र मशिदीत, त्यांचा दानधर्म चालू देऊ नका. कारणं दिली ती गर्दीची, महागाईची आणि शरियतविरुद्ध वागण्याची. खरं दुखणं वेगळं होतं. हरमैनचा, म्हणजे मक्का-मदिनेचा, सेवक हा किताब सुलतानाचा. तिथे दुसऱ्या बादशहाच्या नावानं पैसे उधळले गेले तर लोक दुवा कोणाला देणार? परतताना बेगमांचं गलबत एडनजवळ फुटलं, तिथल्या तुर्की अंमलदारानं त्यांना धड वागवलं नाही, आणि सुरतेला पोचेपर्यंत १५८२ उजाडलं.

तर संशय जुना आहे. पण तो बादशहांमधला होता. गरीब हाजीला तेव्हा कोणी 'तू कोणाचा' म्हणून हटकत नव्हतं. तो चालत येई, उंटाबरोबर येई, डेकवर झोपून येई, मिळेल ते खाई, मक्केत राहिला तर मुजाविर, म्हणजे पवित्र स्थळाजवळचा कायमचा रहिवासी, म्हणून राहून जाई. त्याचा कागद नव्हता आणि त्याची कोणाला गरजही नव्हती.

कागद आला तो आगबोट आणि पटकी (कॉलरा) यांच्या जोडीनं. १८६५ च्या हजमध्ये पटकीची साथ उसळली. सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा असा की नव्वद हजारांपैकी पंधरा हजार यात्रेकरू दगावले. परतणाऱ्या हाजींबरोबर रोग सुएझ, अलेक्झांड्रिया आणि तिथून युरोपात शिरला. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि रोगाचं मूळ हिंदुस्थानात, गंगेच्या खोऱ्यात, असा ठपका ठेवला गेला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. आता हिंदुस्थानचा हाजी ही युरोपच्या तब्येतीची चिंता झाली. इंग्रजांना क्वारंटाइन नको होतं, कारण त्यानं व्यापार अडतो. फ्रेंचांना हवं होतं. तुर्कांना दोघांच्या मधून वाट काढायची होती, आणि त्यांच्या आरोग्य मंडळात युरोपीय प्रतिनिधी मांडी घालून बसलेले होते.

या ओढाताणीतून १८८२ मध्ये येमेनच्या किनाऱ्यासमोरच्या कामरान बेटावर क्वारंटाइनचं ठाणं सुरू झालं. तुमच्या खापरपणजोबांनी कामरान नक्की पाहिलं असणार, कारण मुंबईहून जाणारी बोट तिथे थांबल्याशिवाय जिद्द्याला जाऊच शकत नव्हती. दहा-दहा दिवस झोपड्यांमध्ये राहायचं, कपडे वाफेच्या यंत्रात घालायला द्यायचे, ते आक्रसून आणि रंग उडून परत घ्यायचे, आणि या सगळ्याची फी पुन्हा यात्रेकरूनंच भरायची. मुंबईच्या मुसलमानांच्या तक्रारींत कामरान सारखं येतं : पाणी वाईट, धान्य महाग, बायकांची आबाळ. इंग्रज सरकार या तक्रारी मोठ्या सहानुभूतीनं तुर्कांकडे पाठवी. स्वतःच्या हद्दीत, म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर आणि बोटीच्या फलक्यात, हाजींचे जे हाल होत त्याबद्दल मात्र त्याची सहानुभूती बरीच सावध असे.

मुंबईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथेही परदेशी हाजी होते आणि त्यांचा विचार कोणी करत नाही. पेशावरपर्यंत रेल्वे आल्यावर अफगाण, बुखारी, काशगरी असे मध्य आशियातले यात्रेकरू आगगाडीनं मुंबईला येऊ लागले. उंच टोप्या, जाडजूड चोगे, आणि इथली भाषा कोणालाच येत नाही. ते उतरले की दलाल त्यांना घेरत. तिकीट दुप्पट दरानं विकणं, बोट उद्या आहे सांगून आठवडे अडकवणं, मुसाफिरखान्यापर्यंतच्या भाड्यात लुबाडणं हा धंदा होता. १८८० च्या दशकात सरकारनं दलालांना परवाने सक्तीचे केले, 'प्रोटेक्टर ऑफ पिलग्रिम्स' असा अधिकारी नेमला आणि १८८७ मध्ये मुंबई इलाख्यात यात्रेकरूंच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. हे खातं गेलं पोलीस कमिशनरच्या हाताखाली, आणि त्यातच सगळं आलं. रक्षण आणि पाळत एकाच टेबलावर. बुखाऱ्याचा हाजी हा गरजू प्रवासी होता, तसाच रशियाकडून आलेला संशयित माणूसही होता.

मधल्या काळात सरकारनं एक अजब प्रयोग केला. दलालांना कंटाळून १८८६ मध्ये हजच्या वाहतुकीचं काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवलं. हो, तीच, साहेब लोकांना इजिप्त आणि स्वित्झर्लंड दाखवणारी. कुकनं रेल्वे आणि बोट मिळून एकच तिकीट काढलं, दर छापून लावले. पण बोटीवाले आणि दलाल हटले नाहीत, गरीब हाजी स्वस्तातलं तिकीटच शोधत राहिला, तोटा सरकारनं भरून द्यावा ही मागणी मान्य झाली नाही, आणि १८९३ मध्ये कुकनं अंग काढून घेतलं.

समुद्रावरची गत काय होती ते १८८० च्या एका प्रकरणावरून दिसतं. 'जेद्दा' नावाची आगबोट सिंगापूर-पिनांगहून जवळपास हजार हाजी घेऊन निघाली. वादळात बॉयलर सुटले, पाणी शिरलं, आणि कप्तानासह गोरे अधिकारी रात्री होडीत बसून पळाले. दुसऱ्या जहाजानं त्यांना उचललं. त्यांनी एडनला पोचून बोट बुडाली असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी 'अँटेनॉर' हे जहाज बुडालेली म्हटलेली बोट ओढत एडनच्या बंदरात घेऊन आलं, हाजी जिवंत. त्यांनी आणि 'अँटेनॉर'वरून आलेल्या एका अधिकाऱ्यानं मिळून पंपानं पाणी उपसत ठेवलं होतं. कप्तानाला शिक्षा झाली ती तीन वर्षांसाठी परवाना निलंबित करण्याची.

आता जिद्दा. बंदरात प्रवाळाचे खडक, म्हणून बोट लांब उभी राहायची आणि संबूक नावाच्या छोट्या शिडाच्या होडीतून किनाऱ्यावर यायचं. किनाऱ्यावर पाय ठेवला की हाजी एकटा उरत नसे, तो 'वाटून' जाई. हिंदी, जावी, बुखारी, मगरिबी (उत्तर आफ्रिकेतले) असे देशवार गट, आणि प्रत्येक गटाचे मुतव्विफ, म्हणजे हजचे वाटाडे, ज्यांना आपल्याकडे मुअल्लिम म्हणतात. हे मुअल्लिम शरीफाच्या मर्जीनं नेमले जात आणि त्या मर्जीची किंमत असे. १८८२ ते १९०५ पर्यंत शरीफ असलेल्या औन अर-रफीकच्या काळात या हक्कांचा आणि उंटांच्या भाड्याचा सरळ बाजार झाला. शरीफ, वाली (तुर्की सुभेदार), मुअल्लिम, उंटवाला यांचे वाटे हाजीनं दिलेल्या भाड्यातूनच निघत. बडी माणसंही यातून सुटत नसत. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६४ मध्ये जिद्द्याला उतरल्या तेव्हा जकातवाल्यांनी त्यांचं सामान उघडून पाहिलं, आणि त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात जिद्द्याबद्दल एकही गोड शब्द लिहिला नाही.

म्हणून 'तुर्कांनी हाजींना लुबाडलं' असं एका वाक्यात म्हणणं मला पटत नाही. इस्तंबूलचं सरकार वेगळं, मक्केचा शरीफ वेगळा आणि वाटेवरचे बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्या, वेगळे. इस्तंबूलनं जिद्द्यात समुद्राचं पाणी गोडं करण्याची यंत्रं आणली, मक्केत गरीब हाजींसाठी मुसाफिरखाना बांधायला घेतला, दवाखाने काढले. ती यंत्रं बंद पडत, टाक्यांतलं पाणी विकणाऱ्यांना ती नको असत, हा भाग निराळा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. १८६९ मध्ये उस्मानी, म्हणजे तुर्की, साम्राज्यानं राष्ट्रीयत्वाचा कायदा केला. त्यात एक कलम असं होतं की आमच्या मुलखात राहणारा प्रत्येक माणूस आमची प्रजा समजला जाईल, परकं असल्याचं त्यानं सिद्ध करावं. वरवर हे रुक्ष आहे, पण त्यामागे भीती होती. जुन्या सवलतनाम्यांमुळे युरोपीय सरकारांच्या प्रजेला तुर्की मुलखात खास हक्क होते : खटल्यात कॉन्सलचा माणूस हजर, करात सूट, अटक सहजी नाही. हे हक्क मूळचे ख्रिस्ती व्यापाऱ्यांसाठी. पण इंग्रजांनी हिंदुस्थान घेतला, डचांकडे जावा होता, फ्रेंचांनी अल्जीरिया आणि रशियानं ताश्कंद-समरकंद घेतलं. मग मक्केतला अत्तरविक्या हिंदी, जावी विद्यार्थी, बुखारी फकीर हे सगळे उद्या कॉन्सलच्या छत्रीखाली उभे राहिले तर? जिद्द्यात १८५८ मध्ये याची चुणूक दिसली होती. एका गलबतावर झेंडा तुर्की की इंग्रजी यावरून तंटा झाला, जमावानं इंग्रज आणि फ्रेंच कॉन्सलना ठार मारलं, आणि इंग्रजी युद्धनौकेनं शहरावर तोफा डागल्या.

तेव्हा उपाय निघाला तो जमिनीचा. १८६७ च्या कायद्यानं परदेशीयांना तुर्की मुलखात जमीनजुमला घेता येऊ लागला होता, फक्त हिजाज, म्हणजे मक्का-मदिनेचा प्रांत, वगळून. १८८० च्या दशकात हे वगळणं परदेशी मुसलमानांनाही लागू आहे असं स्पष्ट केलं गेलं. हिंदी, जावी, अल्जीरियन, रशियन प्रजा असलेल्या मुसलमानानं मक्का-मदिनेत घर विकत घ्यायचं नाही. उद्या इंग्रज आपल्या 'प्रजेच्या' मालमत्तेचं निमित्त करून काबापर्यंत पोचतील, हा हिशेब. खलिफाच्या कागदात मुसलमानासाठी 'अजनबी' हा शब्द पडायला लागला तो इथे. शब्द तोच, आपल्या हिंदी गाण्यांतला.

पण माणूस पाहून नियम वाकत. १८५७ नंतर हिंदुस्थानातून निसटलेले मौलाना रहमतुल्ला कैरानवी मक्केत स्थिरावले, त्यांनी कलकत्त्याच्या एका बेगमेच्या देणगीतून मदरसा सौलतिया उभा केला, आणि सुलतानानं त्यांना मानानं इस्तंबूलला बोलावलं. मलबारातून इंग्रजांनी घालवलेले सय्यद फदल पुढे सुलतान अब्दुल हमीदचे सल्लागार झाले. इंग्रजांचा शत्रू असलेला हिंदी मुसलमान मुरीद आणि पाहुणा, इंग्रजांचा पासपोर्ट दाखवणारा हिंदी मुसलमान अजनबी. तुमच्या खापरपणजोबांचं 'अल्लाचा' हे उत्तर खरं तर तुर्कांना सोयीचं होतं! उन्हात बसवलं असेल तर ते बहुधा कागद नव्हता म्हणून, किंवा फी भरायची राहिली म्हणून.

बुखारी आणि अफगाण हाजींचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. बुखारा रशियाचं मांडलिक, अफगाणिस्तानचं परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या हाती. इस्तंबूलची भूमिका अशी की ही मुसलमान राज्यं आहेत, त्यांच्या लोकांचा वाली खलिफा, रशियन किंवा इंग्रज कॉन्सलचा त्यांच्याशी संबंध नाही. बोलायला छान. पण मग त्यांना सांभाळायचं कोणी? इस्तंबूलच्या उस्कुदार भागात टेकडीवर उझबेकांचा एक तेक्के आहे, अठराव्या शतकातला, नक्शबंदी सूफींचा दर्गाच म्हणा. ओदेसामार्गे आलेले मध्य आशियातले हाजी तिथे उतरत. तिथला शेख त्यांची ओळख पटवे, जामीन राही, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवे, आणि कफल्लक झालेल्यासाठी सरकारकडून परतीचं तिकीट मिळवून देई. एकोणिसाव्या शतकात तिथले शेख इब्राहिम एद्हेम एफेंदी सुतारकाम आणि एब्रू, म्हणजे पाण्यावर रंग सोडून कागद रंगवण्याच्या कलेसाठी नावाजलेले होते. हातात रंग आणि दारात काशगरचा फकीर, असं ते कॉन्सलेट. आणि याच हाजींपैकी एखाद्याचं भांडण कोर्टात गेलं की तो रशियन कॉन्सलचं दारही ठोठावी, कारण तिथे काम लवकर होई. लोक दोन्ही दारं वापरत. मला यात लबाडी दिसत नाही.

राहिला गरिबांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात कडू आहे. हिंदुस्थानातून एकेरी तिकीट काढून जाणारे पुष्कळ. परतीला पैसे उरत नसत, आणि जिद्द्याच्या रस्त्यांवर असे शेकडो लोक अडकून पडत. डचांनी जावी हाजींवर पासपोर्टाची आणि पैशांची अट फार आधीपासून घातली होती. इंग्रजांनी १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातलं 'धर्मात ढवळाढवळ नाही' हे वचन पुढे करून परतीच्या तिकिटाची सक्ती कित्येक दशकं टाळली. कारण खरंही होतं आणि स्वस्तही. तुर्क म्हणत, तुमची प्रजा, तुम्ही न्या. इंग्रज म्हणत, तुमचे पाहुणे, तुम्ही पाहा. दोघांच्या मधे माणूस मरत होता. या कचाट्यात ज्यानं खरं काम केलं तो जिद्द्याचा इंग्रज व्हाइस कॉन्सल डॉ. अब्दुर रज्जाक. मुसलमान असल्यानं तो मक्केत जाऊ शके, हाजींचे हाल त्यानं अहवालांत मांडले, अडकलेल्यांना परत पाठवायची खटपट केली. आणि मुसलमान असून इंग्रजांचा डोळा म्हणून तुर्कांना तोच सगळ्यात संशयास्पद. १८९३ च्या भीषण पटकीनंतर मक्केत कपडे निर्जंतुक करायची यंत्रं बसवली होती. १८९५ मध्ये लोकांनी ती फोडली, आणि त्याच सुमारास, ३० मे रोजी, जिद्द्याबाहेर फिरायला गेलेल्या कॉन्सलांवर बदूंनी गोळ्या झाडल्या. त्यात अब्दुर रज्जाक मारला गेला.

दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, मुंबईतल्या प्लेगमुळे सरकारनं मुंबईहून हज बंदच केली. धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन युरोपच्या दबावापुढे एका हंगामात बाजूला पडलं. तुमच्या घरातला १९०० च्या आसपासचा काळ या बंदीच्या लगतचा आहे. त्या वर्षांत मुंबईतल्या प्रवाशाची बोटीवर चढायच्या आधीच इतकी तपासणी होई की काही जण दूरच्या चितगावमार्गे गेले. तेव्हा घरात बोटीच्या तिकिटाचा किंवा पासाचा कागद सापडला तर बंदराचं नाव आधी वाचा. आणि इंग्रजी कागदात 'पॉपर' हा शब्द दिसला तर त्या माणसाला भिकारी समजू नका. परतीचे पैसे नसलेला कोणीही त्यात बसे, मग तो गावचा खोत का असेना.

जमीन विकत घेता येत नव्हती तरी एक वाट मोकळी होती, वक्फची. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी आणि धनिकांनी मक्का-मदिनेत आपापल्या मुलखातल्या हाजींसाठी रुबात, म्हणजे धर्मशाळा, उभ्या केल्या. हैदराबादच्या निजामाची रुबात त्यातली एक. निजामाचं राज्य १९४८ मध्ये संपलं. रुबात चालू राहिली, आणि तिथे फुकट मुक्काम मिळतो तो जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखातल्या हाजींना. त्यामुळे तिथल्या खोलीसाठी नांदेडचा किंवा परभणीचा माणूस अर्ज करू शकतो. दापोलीचा करू शकत नाही.